नाव कोरलेलं कुलूप

राजे पुष्कळ होते आणि रस्ते थोडे, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक नावाजलेले वैद्यबुवा राहत. 'अनोळखी माणसाची वस्तू घरात घेऊ नये,' असं ते शिष्यांना रोज बजावत.

एकदा एक फिरस्ता आला. त्याने वैद्यबुवांना पितळी कुलूप भेट दिलं. त्यावर बुवांचं नाव कोरलेलं होतं. नाव बघून बुवा विरघळले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी स्वतःच्या हाताने ते औषधांच्या कोठीला लावलं.

सकाळी किल्ली फिरेना. फिरस्ता दारात हजर.

"खरी किल्ली माझ्याकडे आहे. राजाने दिलेलं सोन्याचं कडं द्या, उघडतो."

लोहाराला बोलावलं तर गावभर बोभाटा होणार. बुवांनी मुकाट्याने कडं काढून दिलं. बायकोला सांगितलं, "नदीत पडलं."

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावची सुईण आली. तिच्या हातात तसंच कुलूप होतं.

"वैद्यबुवा, एका फिरस्त्याने दिलंय. माझं नाव कोरलंय बघा! औषधांच्या पेटीला लावू ना?"

बुवांनी कुलूप ओळखलं. खरं सांगावं तर आपली फजिती उघडी पडणार.

"मला कुलपातलं काय कळतंय, बाई? तुझं तू बघ."

तिने लावलं. आठवड्याच्या आत एक बाळंतीण अडली. पेटीची किल्ली फिरेना; कुऱ्हाडीने ती फोडून औषध काढेपर्यंत उशीर झाला. बाळ वाचलं, आई गेली.

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सुईणीच्या गावी गेले आणि भरल्या बाजारात पारावर उभे राहिले.

"त्या फिरस्त्याने कुलूप देऊन मला आधीच फसवलं होतं, मला ठाऊक होतं. मी लाजेपोटी बोललो नाही," ते खाली मान घालून म्हणाले.

मग कुंभार पुटपुटला, "मलाही फसवलंय त्याने." तेलीण म्हणाली, "मलाही." इतके दिवस सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी होती!

बुवांच्या गावचा लोहार बाजाराला आला होता. बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या सुईणीचं कुलूप त्याने हातात घेतलं, एक खिळा आत घालून फिरवला. कुलूप उघडलं.

"वैद्यबुवा, पहिल्याच दिवशी हाक मारायची होती."

सुईणीने ते बिनआईचं बाळ उचललं आणि ती बुवांकडे न बघता निघून गेली.

फिरस्ता पुन्हा आला, तेव्हा त्याचं कुलूप कुणीच घेतलं नाही. बुवांनी मात्र उरलेल्या आयुष्यात कधी मान वर केली नाही.

तात्पर्य: पुढच्याने आपल्याला ठेच लागल्याचं सांगितलं, तरच मागचा शहाणा होतो.