विश्राममामांचा ट्रस्ट

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव हरबा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, एवढाच त्याचा दोष.

त्याची थोरली बहीण सुंद्रा. पोलिओने लहानपणीच तिचे पाय गेले, पण जीभ शाबूत होती, आणि तिला धार लावायला घरात हरबा होताच. सरकारकडून तिला दरमहा अपंगांचा पगार मिळे. त्यावर तिचं औषधपाणी चाले.

पुढे विश्राममामा वारले. जाताना भाचीसाठी थोडी रक्कम ठेवून गेले. ती सुंद्राच्या नावावर झाली असती तर बाई पैसेवाली ठरली असती आणि पगार बंद. म्हणून मामांनी आधीच सामंत वकीलबाईंकडून कागद करून घेतला होता. पैसा सुंद्राचा नाही, ‘विश्राम परब ट्रस्ट’चा. खर्च मात्र फक्त सुंद्रासाठी. आणि तो हरबाने करायचा, कारण हरबा खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं लागतं, असं सुंद्रा म्हणाली.

वकीलबाईंनी हरबाला बजावलं, की पैसा अक्काच्या हातात द्यायचा नाही. तिला लागेल ते तू स्वतः घ्यायचं.

“समजलं,” हरबा म्हणाला.

सुंद्राला चष्मा हवा होता. हरबा तालुक्याला गेला, खुर्चीवर बसला आणि स्वतःचे डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले. मग साध्या काचांचा चष्मा घेऊन, तो नाकावर लावूनच घरी आला. सुंद्राने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तिच्यासाठी काही करायचं तर तिला सोबत न्यायचं.

“समजलं,” हरबा म्हणाला. हरबाला समजलं की सुंद्रा देवाचं नाव घ्यायची.

आठवड्याने तिच्या तीनचाकी सायकलची चेन तुटली. हरबाने अक्काला पाठुंगळी घेतलं आणि भर उन्हात दोन मैल चालत सायकलवाल्याकडे नेलं.

“गाडी कुठाय?” सायकलवाल्याने विचारलं.

“घरी.”

“मग दुरुस्त काय करू?”

“याचं डोकं बघ,” पाठीवरून सुंद्रा म्हणाली. “नवीन बसत असेल तर बसव.”

घरी येईपर्यंत ती त्याच्या कानात एकच गोष्ट ओरडत होती, की गाडीचं काम असलं की गाडी न्यायची आणि माणूस घरी ठेवायचं. हरबाला ते दोन्ही कानांनी समजलं. दुसऱ्या दिवशी गाडी नेली. चेन बसली.

मग कचेरीतून कागद आला. पगार चालू ठेवायचा तर बाई हयात असल्याचा दाखला हवा. गाडी घेऊन हजर व्हा, असं त्यात कुठेही नव्हतं. पण पगार चालू ठेवायचा आणि गाडी चालू ठेवायची, हरबाला दोन्ही सारखंच वाटलं. त्याने सुंद्राला घरी ठेवलं आणि रिकामी तीनचाकी कचेरीच्या दारात नेऊन उभी केली. कारकुनाने तिची घंटी वाजवून पाहिली आणि तिला परत पाठवलं.

आता मुदतीचा एकच दिवस उरला. वकीलबाईंनी हरबाला समोर बसवलं. म्हणाल्या, उद्या अक्काला घेऊन जा. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, विचारतील ते खरं सांग. फक्त मामांचा पैसा चुकून तिच्या नावावर लिहू नकोस. जिथे तिथे ट्रस्टचं नाव घाल.

“समजलं.”

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. अपंगांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं. सुंद्रा खाली तीनचाकीवर बसून शेंगा सोलत राहिली. हरबाने वर जाऊन अर्ज भरला. कारकुनाने खिडकीतून खाली पाहिलं. बाई शेंगा खात होती. मेलेलं माणूस शेंगा खात नाही, एवढं कारकुनाला कळत होतं. त्याने अर्जातलं नाव दाखल्यावर उतरवलं आणि शिक्का मारला.

हरबा जिना उतरून आला. या खेपेला काही चुकलं नव्हतं, त्यामुळे त्याचं तोंड फुललं होतं. सुंद्राने दाखला वाचला. ‘विश्राम परब ट्रस्ट हे आज समक्ष हजर असून हयात आहेत.’

तिने तो पुन्हा वाचला.

“आणि मी?” तिने विचारलं.

हरबाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अक्का, तुझ्या नावावर मी काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. जीवसुद्धा नाही.”