दुसऱ्याच्या हाताची सुरी

एका राज्यात दहा महिने रानातले एकही जनावर मेले नव्हते आणि घरात एकही मूल जन्मले नव्हते.

कारण सर्वांना ठाऊक होते. राजा दुर्धराने एका गाभण हरिणीला बाण मारला होता. ती लंगडत झाडीत शिरली आणि राजा माघारी फिरला, कारण त्याची जेवणाची वेळ झाली होती. त्या राज्यातल्या शिकाऱ्यांचा नेम असा, की ज्याने जखम केली त्याने मागावर जावे आणि आपल्या सुरीने त्या जनावराचे हाल संपवावेत. रानातल्या जोगिणीने हे पाहिले आणि ती म्हणाली, "तुला शेवट करायला सवड नाही, तर इथे कोणाचाच शेवट होणार नाही. आणि जाणे थांबले की येणेही थांबते."

तेव्हापासून अंगात बाण घेतलेली सांबरे आणि फासात पाय तुटलेले ससे जिवंतच हिंडत. तिन्हीसांजेला ते वेशीपाशी येऊन उभे राहत. ओरडत नसत, फक्त बघत. लोक दारे लावून घेत.

वेशीजवळ धुळोजी लोहाराचे घर होते. त्याची लेक सगुणा शाप पडला तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. जावई त्याआधीच वारला होता. आता सगुणाला सतरावा महिना सरत होता आणि तिला कूस बदलायलाही बापाचा हात लागे.

एके सकाळी राजवाड्याच्या सज्ज्यावर एक पिंगळा उडत येऊन बसला आणि राजाला म्हणाला, "ती हरीण अजून तुझी वाट बघते आहे. जुनी सुरी घेऊन जाऊ नकोस, ती एकदा कोरडी परत आली आहे. धुळोजीकडून नवी घडवून विकत घे. हिसकावलेली चालणार नाही, फुकट मिळालेलीही नाही. लोखंड, मुठीचे शिंग आणि हाताचे माप, तिन्ही तुझे तू दे."

लोखंडासाठी राजा काळ्या तळ्यात उतरला. तळाशी सर्पाने राखलेला खजिना होता आणि सोन्याला हात लावणारे तिथेच दगड होऊन उभे होते. राजाने त्यांच्यामधून वाट काढली आणि सोने सोडून एक गंजलेली पहार उचलली. मग सात बाण लागलेल्या सांबरासमोर तो तीन दिवस उपाशी उभा राहिला. चौथ्या दिवशी सांबराने मान झटकली आणि एक शिंग त्याच्या पायाशी पडले.

तिसरे काम सर्वांत सोपे होते. लोहाराच्या अंगणात जमिनीवर बसायचे आणि ओल्या मातीत तळवा दाबायचा. राजाला ते कमीपणाचे वाटले. त्याने आपल्या शिकाऱ्याचा तळवा मातीत उमटवून घेतला आणि तो ठसा धाडून दिला.

धुळोजीने ठशावरून बोट फिरवले. दोराने चिरलेला, घट्टे पडलेला तो तळवा होता. हा राजाचा हात नाही, हे त्याला तिथेच कळले. ठसा परत पाठवावा तर जाण्यायेण्यात चार दिवस मोडणार होते. आतून सगुणाने विचारले, "बाबा, अजून किती दिवस?"

"नऊ," धुळोजी म्हणाला आणि त्याने भट्टी पेटवली.

दहाव्या दिवशी राजा आला. सुरीची किंमत म्हणून धुळोजीने त्याचे धनुष्य मागितले. राजाने ते दिले. तेव्हा धुळोजीची नजर त्याच्या मऊ, अंगठ्या घातलेल्या हाताकडे गेली आणि खाली वळली.

हरीण एका वडाखाली पडली होती. राजाने तीनदा सुरी चालवली आणि तीनदा ती मुठीत मासोळीसारखी फिरली. हरिणीच्या अंगावर तीन नव्या जखमा झाल्या. राजा पायी परत आला.

"तुझी सुरी खोटी आहे, लोहारा."

"सुरी खरी आहे, महाराज. माप खोटे आहे."

"तुला कळले होते?"

"बोट फिरवले तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"घरात लेक पडून आहे. मला घाई होती. आपल्याला काय होते?"

राजाने आपल्या अंगठ्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "लाज."

आढ्यावर पिंगळा बसला होता. तो म्हणाला, "छान. दोघा शहाण्यांनी मिळून त्या मुक्या जिवाला तीन जखमा दिल्या."

राजा जमिनीवर बसला. त्याने अंगठ्या काढल्या आणि हात मातीत ठेवला. ठसा नीट उमटेपर्यंत धुळोजीने त्याचे मनगट धरून ठेवले.

उरलेले शिंग उकळायचे, घासायचे, मापाला लावून बघायचे आणि पुन्हा घासायचे. या कामाला नऊ दिवस लागतातच. चौथ्या दिवशी सगुणा बोलेनाशी झाली. सातव्या दिवशी तिने पाणी पिणेही सोडले. धुळोजी घासत राहिला.

या खेपेला सुरी राजाच्या हातात हातासारखीच बसली. त्याने हरिणीची मान मांडीवर घेतली आणि जे पहिल्याच दिवशी करायचे होते ते केले. तिच्या पोटातून पाडस बाहेर आले आणि उभे राहिले. तिचे डोळे मिटेपर्यंत राजा जागचा हलला नाही. मग साऱ्या रानात धान्याची पोती टाकल्यासारखे आवाज होत गेले. जनावरे सुटली होती. त्याच घटकेला गावोगावच्या घरांतून तान्ह्यांचे रडणे ऐकू येऊ लागले.

सगुणाला मुलगी झाली. तिने मुलीकडे एकदा पाहिले. पण जाण्याची वाटही आता मोकळी होती आणि तिच्यात थांबण्याचे बळ उरले नव्हते. नऊ दिवसांपूर्वी ते होते. हे धुळोजीला कोणी सांगितले नाही. त्याला ते ठाऊक होते.

बाराव्या दिवशी राज्यात घरोघरी पाळणे बांधले गेले. धुळोजीच्या अंगणात राजाही आला आणि मागे, लोकांत उभा राहिला. शेजारणींनी बाळाला पाळण्यात घातले आणि कानात कोणते नाव सांगायचे, असे धुळोजीला विचारले.

"नाव तिने ठरवले होते," धुळोजी म्हणाला. "बारशालाच सांगेन म्हणाली होती."

बायका थांबल्या. नाव सांगण्याचा मान बायकांचा असतो, तरी त्या बाजूला झाल्या. धुळोजी वाकला आणि लेकीला हाक मारावी तसा बाळाच्या कानात म्हणाला, "सगुणा."