मान कोणाच्या हाती

एका संस्थानात खंडेराव डुबल आणि गुलाब मुलाणी हे दोन पैलवान एकाच तालमीत वाढले. जत्रेच्या मोठ्या कुस्तीत यंदा तेच दोघे समोरासमोर होते, तरी रोज पहाटे ते एकमेकांशीच सराव करत. संस्थानच्या कारभाऱ्यांना हे खपलं नाही. ते लवाजमा घेऊन तालमीत आले.

“तुम्ही प्रतिस्पर्धी आहात की भाऊ? अशानं लुटुपुटूची कुस्ती होणार. आजपासून गुलाबनं इथं पाऊल टाकायचं नाही.”

गुलाबचा चेहरा उतरला. त्याला दुसरी तालीम नव्हती. खंडेराव हात जोडून म्हणाला, “हुकूम मान्य आहे, सरकार. मग उद्यापासून माझ्याशी सरावाला आपण उतरावं.”

“मी?” कारभारी मागे सरले. “माझी मान मोडशील.”

“मग आपल्या मर्जीतला कोणी द्या. फक्त मला हरवायची ईर्षा त्याच्यात पुरेपूर हवी, आणि माझी मान रोज हातात येऊनही ती त्यानं मोडता कामा नये. असा माणूस मला आजवर एकच भेटलाय, आणि त्यालाच आपण बाहेर काढताय.”

कारभाऱ्यांनी सोबतच्या मंडळींकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे पाहू लागले. हुकूम तिथंच मागे घेतला गेला.

जत्रेत दोघे जीव तोडून लढले. शेवटी गुलाबनं एका नव्याच डावावर खंडेरावला चीत केलं.

मातीत पडल्यापडल्याच खंडेराव म्हणाला, “हा डाव मला कधी दाखवला नाहीस.”

“उद्या पहाटे दाखवतो,” असं म्हणत गुलाबनं त्याला उठायला हात दिला.