मीठ बाहेर टाकणारा

पेशीपटल शिकवताना सांगितलेली ही गोष्ट वर्गाबाहेर सांगायची नाही, असं विज्ञानाच्या बाईंनी बजावलं आहे. मागच्या वर्षी एका मुलीने परीक्षेत पेशीपटलाच्या उत्तरात लाडू लिहिले होते म्हणे. तरी मी सांगते, कारण मला ती विसरता येत नाही.

खारट पाण्यात एक गाव होतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं लहान. त्याची कुंपणभिंत विटांची नव्हती, माणसांची होती. त्या माणसांच्या डोक्यांना पाणी आवडायचं आणि पायांना मुळीच चालायचं नाही. म्हणून ती दोन थरांत, पायांना पाय लावून राहायची. एका थराची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसऱ्याची आतल्या. कुणी कुणाला बांधलेलं नव्हतं. गप्पा मारत ती शेजार बदलत, पण भिंत मोडत नसे.

भिंतीत दारं होती. साखरेचं वेगळं, पाण्याचं वेगळं. एका दारात एक म्हातारा मीठवाला बसे. फटींतून आत शिरलेल्या मिठाचे तीन खडे तो बाहेर टाकी आणि दुसऱ्या एका क्षाराचे दोन खडे आत घेई. अशा एका फेरीला त्याला एक लाडू लागे.

एकदा गावचा मुखिया त्याच्यापाशी आला.

"आजोबा, तुम्ही टाकलेलं मीठ पुन्हा आत येतं. किती दिवस चालायचं हे?"

"गाव आहे तोवर."

"गावातला दर तिसरा लाडू तुमच्या पोटात जातो. आचारी माझं डोकं खातोय."

"मग राहू दे. मलाही जरा पाय पसरता येतील," म्हातारा म्हणाला आणि खरंच पाय पसरून बसला.

त्या दिवशी सगळ्यांना एकेक लाडू जास्त मिळाला. मीठ येत राहिलं. मग पाण्याच्या दारातून पाणीही येऊ लागलं, नेहमीपेक्षा जास्त. गाव चांगलं गुबगुबीत झालं.

"बघा, गावाने कसं बाळसं धरलंय," मुखिया म्हणाला.

भिंतीतली एक बाई म्हणाली, "बाळसं नव्हे, सूज आहे ही. माझ्या आणि शेजारणीच्या खांद्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडलीय."

"मग थोड्या सरका की."

"कुठे सरकू? पलीकडचीही हेच म्हणतेय. अजून थोडं ताणलं, तर आम्ही सुटू आणि गाव पाण्यात सांडेल."

मुखियाने घाबरून पाण्याचं दार अडवलं. तरी भिंतीतून थेंब थेंब पाणी झिरपतच राहिलं. त्याला काही कळेना. "पण पाणी आत येतंय कशाला?"

"मिठाच्या मागे," बाई म्हणाली. "आत जितकं मीठ साठेल, तितकं पाणी त्याच्यामागे येणार. आम्ही रोज बघतो ना."

मुखिया धावत मीठवाल्याकडे गेला. "आजोबा, उठा."

"उठतो, पण रिकाम्या पोटी एक खडाही हलायचा नाही."

मुखियाने स्वतःच्या ताटातला लाडू त्याच्या हातावर ठेवला. तीन खडे बाहेर, दोन आत. मग घराघरांतून लाडू आले. मुखिया दिवसभर त्या दारात उभा राहून बघत होता. मीठ कमी होत गेलं, तसं अडवलेलं दार उघडताच पाणीही आल्या वाटेने निघून गेलं आणि भिंतीतल्या माणसांचे खांदे पुन्हा एकमेकांना टेकले.

"उद्या मीठ पुन्हा येणारच ना?" मुखियाने विचारलं.

"येणारच."

"मग लाडू सकाळीच पाठवतो."

तात्पर्य: जे काम रोज करूनही रोज उरतं, ते बंद करण्याआधी ते करणाऱ्याजवळ एक दिवस उभं राहून बघावं. आमच्या घरात असं काम कोण करतं, ते मी लिहिणारच होते, पण आई स्वयंपाकघरातून कधीची हाका मारतेय, म्हणून आता उठते.