उंबराखालचे गाणे

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, एक सुतारपक्षी राहत असे. पोटासाठी झाडे टोचणे सगळेच सुतारपक्षी करतात. पण याला पोटापलीकडचा एक छंद होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून जुन्या उंबरावर एक गानमंडळ काढले होते. रोज उजाडताना सारे जमत आणि एकच गाणे म्हणत. गाण्याचे तुकडे वाटून दिलेले होते. पहिला हळद्याचा, मग बुलबुलाचा, मग साळुंकीचा आणि शेवटचा होल्याचा. सुतारपक्षी खोडावर ठेका धरी. मंडळाचा नियम एकच, पण कडक होता : ज्याची फांदी, त्याचा सूर. दुसऱ्याच्या फांदीवर बसायचे नाही आणि दुसऱ्याचा तुकडा गायचा नाही.

पुढे डोंगरापलीकडे कुणीतरी पेरूची बाग लावली. पहाटे जो आधी पोहोचेल, त्याला पिकला पेरू. "दोन दिवस जाऊन येते," असे म्हणून साळुंकी गेली ती गेलीच. मागोमाग बुलबुल गेला, हळद्याही गेला. फांद्या ओस पडल्या, पण नियम म्हणजे नियम! हळद्याच्या जागी तेवढा वेळ नुसताच ठेका वाजे, बुलबुलाच्या आणि साळुंकीच्या जागीही तेच. शेवटी म्हातारा होला आपला तुकडा घुमवी, की झाले गाणे.

"हे गानमंडळ आहे की लाकूडतोड?" कावळा जाता जाता विचारी. "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा."

सुतारपक्ष्याला ते झोंबे. तरी थंडी असो वा धुके, त्याने एकही सकाळ चुकवली नाही. मुलांनो, मला तर या पठ्ठ्याचे फार कौतुक वाटते. उंबर भरलेला असताना ठेका कुणीही धरील. रिकाम्या फांद्यांसमोर तो तितक्याच जोमाने धरायला छाती लागते.

एके दिवशी होला म्हणाला, "पोरा, हे पंख आता मला वर चढू देत नाहीत. उद्यापासून मी काही यायचा नाही."

सुतारपक्ष्याला येत होता तो फक्त ठेका. दुसऱ्याचा तुकडा कुणी कधी शिकलाच नव्हता. म्हणजे आता मंडळच काय, गाणेही जंगलातून जाणार होते.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. काय करावे ते सुचेना, म्हणून त्याने सवयीने ठेका धरला. हळद्याची जागा आली आणि खालून कुणीतरी हळद्याचा तुकडा म्हटला. मग बुलबुलाचा, मग साळुंकीचा, मग होल्याचाही. आवाज चांगलाच खरखरीत होता, पण एक सूर इकडचा तिकडे नव्हता. सुतारपक्ष्याने वाकून पाहिले. ओढ्याकाठच्या गोट्यांत एक टिटवी उभी होती.

"तुला हे सगळं कसं येतं?" त्याने विचारले.

"माझं घरटं इथंच आहे. तुम्ही वर गात होता, मी खाली अंडी उबवत ऐकत होते."

"मग मंडळात का नाही आलीस?"

"आले होते की, दादा. तुम्हीच म्हणालात, फांदीवर बसेल तोच मंडळाचा. टिटवीच्या पायांना फांदी कुठं धरता येते?"

सुतारपक्ष्याला ते आठवले आणि त्याची मान खाली गेली. जे निघून गेले, त्यांच्या जागा त्याने जिवापाड जपल्या होत्या. जी आली होती, तिला मात्र त्याने दारातूनच परत पाठवले होते.

तो उंबरावरून खाली उतरला. ओढ्याकाठी एक ओंडका पडला होता, त्यावर बसून म्हणाला, "आजपासून मंडळ इथं बसेल. आणि कुणाचाही तुकडा कुणीही शिकावा. टिटवीताई, तू शिकवशील ना?"

"टिटवी गाणार? अपशकुन!" कावळा वरून म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. होला झुडपातून तुरुतुरु चालत आला. "एवढं तर मला जमेल," तो म्हणाला. ठेका ऐकून खार आली, बेडूक आला, बिळातला उंदीरही आला. थोड्याच दिवसांत गाण्यात एकही जागा रिकामी उरली नाही.

पेरूंचा बहर सरला, तसा हळद्या परतला. आपल्या जुन्या फांदीवर ऐटीत बसून तो पाळीची वाट पाहू लागला. पाळी आली, आणि खालून बेडकाने त्याचा तुकडा झकास म्हटला.

"अरे, तो माझा तुकडा आहे!" हळद्या म्हणाला.

"तुझाच आहे," सुतारपक्षी ठेका न सोडता म्हणाला. "तू गेलास, तेव्हा टिटवीताईनं तो सांभाळला. ये खाली, मिळून म्हणू."

हळद्याने आपल्या फांदीकडे एकदा पाहिले. मग तो खाली उतरला. टिटवीने थोडे सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

तात्पर्य : गेलेल्यांची वाट जरूर पाहावी, पण दारात उभा असलेल्याला आधी आत घ्यावे.