हातोडीचा लाडका गोटा

सगळी शास्त्रं मी कोळून प्यायलोय. चौथीत दोनदा बसलो, ते सोडा. फार वर्षांमागं एका कॉलेजच्या कपाटात भूगर्भवाल्यांची हातोडी आणि खगोलवाल्यांची दुर्बीण शेजारी नांदत. दुर्बिणीचा एका ताऱ्यावर जीव जडलेला.

हातोडी हिणवायची, "अगं, त्याला कधी शिवलीस तरी का? मी बघ, दगड फोडते, आतलं सगळं कळतं."

पुढं एक गोल गोटा तिला इतका आवडला, की जन्मभर जवळ ठेवायचं तिनं ठरवलं. पण आत काय आहे, हे कळल्याशिवाय चैन पडेना. एकच घाव घातला. जांभळे स्फटिक क्षणभर चमकले आणि भुगा होऊन सांडले.

भुगा तसाच टाकून हातोडी कपाटात परतली. मग म्हणाली, "तुझ्या ताऱ्याचा उजेड इथं पोचेस्तोवर तोही मेला असेल गं."

"असेल," दुर्बीण म्हणाली, "पण माझ्या हातून नाही."