उलट्या कासवाला स्वर्गाची वाट

मुलांनो, एका जंगलात तळ्याकाठी एक म्हातारं कासव राहत असे. एकदा खाली पडलेली जांभळं खायला ते उतारावर चढलं, पाय घसरला आणि धप्पकन उताणं पडलं. झालं! आता त्याला काही केल्या सरळ होता येईना. ऊन रणरणत होतं, पोट भाजत होतं, आणि तळं तर अगदी जवळच होतं. "अरे, कुणीतरी या रे!" ते ओरडलं.

कावळा, बेडूक आणि खार धावत आले. पण त्या जंगलात एक समजूत होती : पाय वर झाले की खेळ संपला. आणि जाणाऱ्याला पुढची वाट सांगायची अशी तिथली रीतच होती, म्हणजे बिचारा मध्येच भटकत नाही. कासवाचे चारही पाय वर पाहून तिघांनी डोळे पुसले.

"बाबांनो, मला जरा..." कासव बोलू लागलं.

"आजोबा, आता बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं," बेडूक म्हणाला. "पलीकडे बारा महिने पाऊस असतो. डास आपणहून तोंडात येतात. आणि साप? औषधालासुद्धा नाही!"

"पाऊस कसला डोंबलाचा!" खार फिस्कारली. "तिथे एक आंब्याचं झाड आहे, त्याला शेंडाच नाही. चढा, खा, पुन्हा चढा!"

"तुम्हाला काय कळतंय?" कावळा मान तिरकी करून म्हणाला. "जन्मभर पिंडाला शिवतोय मी. तिकडची खबर माझ्याइतकी कुणाला? तिथे रोज पान वाढलेलं असतं, वडे आणि खीर. हाकलणारं कुणी नाही."

झालं, तिघांची जुंपली. इकडे कासवाच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. "ही मंडळी मला खरंच पोचवणार!" असं मनात येऊन ते चांगलंच घाबरलं. मग त्याला एक युक्ती सुचली.

"तिन्ही ठिकाणं झकास आहेत रे," ते क्षीण आवाजात म्हणालं. "पण असं आभाळाकडे तोंड करून वाट कशी दिसणार? मला पालथं करा, मग जी आवडेल ती धरतो."

आपलीच वाट आवडणार, अशी प्रत्येकाला खात्री! बेडकाने खालून रेटलं, खारीने बाजूने ढकललं, कावळ्याने चोच घालून उचललं. कासव एकदाचं पालथं झालं आणि कुणाकडेही न बघता थेट तळ्याकडे निघालं.

"आजोबा, वाट इकडे आहे!" तिघंही मागून ओरडत आली.

कासव गळ्यापर्यंत गार चिखलात बसलं. "आहाहा! सापडली रे बाबांनो माझी जागा," ते म्हणालं. "शिवाय इथे तुम्ही तिघंही आहात. तुमच्या त्या स्वर्गांत तर एकानेही दुसऱ्याला सोबत घेतलं नव्हतं."

तिघंही ओशाळून हसली. मग खार सगळ्यांसाठी जांभळं आणायला गेली, पण उतारावर फार जपून.

तात्पर्य : मेल्यावर काय मिळतं यावर खुशाल गप्पा माराव्यात, पण समोरचा जिवंत असेल, तर आधी त्याला काय हवंय ते विचारावं.